पिवळी बटणं

वसमतच्या कॉम्प्युटर क्लासात मी जवळजवळ वर्षभर प्रोग्रॅमिंग शिकले आणि त्या वर्षात एकदाही कीबोर्डला हात लावला नाही. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसणाऱ्यांचा मला अजूनही राग येतो. राग येण्यात मी पहिल्यापासून पटाईत. आई म्हणते, ही जन्मली तेव्हा रडली नाही, भांडली.

दोन हजार दोन सालची गोष्ट. बारावी होऊन मी कुरुंद्यात घरी बसले होते. बसले होते म्हणजे काय, आईबरोबर हळदीच्या कामाला जात होते. आई म्हणजे पद्माबाई. विहाराच्या मागं आमचं घर, आणि गावातल्या ग्यानबा पाटलांच्या वावरात आईची बाराही महिने मजुरी. त्या उन्हाळ्यात कळलं की वसमतला खताच्या दुकानाच्या वर कॉम्प्युटरचा क्लास निघालाय आणि तिथं नुसता कॉम्प्युटर चालवायला नाही, तर त्यात चालणारे प्रोग्रॅम बनवायला शिकवतात. मी आईच्या मागं भुणभुण लावली. ती आधी नाही म्हणाली, मग काहीच म्हणाली नाही, मग एक दिवस म्हणाली, "जा. पन मधीच सोडून आलीस तर तंगडं मोडीन."

पहिल्या दिवशी मी सकाळी वावरात हळदीचं बेणं मोडून, तिथूनच हातपाय धुऊन बस धरली होती. हळदीच्या कंदाचा रंग धुतल्यानं जात नाही. बोटं, नखं, तळव्यावरच्या रेषा, सगळं पिवळं होऊन बसतं. क्लासात मशिनी कमी आणि पोरं जास्त, म्हणून सर एकेका मशीनपुढं दोघांची जोडी लावत होते. माझ्या जोडीला आमच्याच गावचा सोमेश्वर आला, ग्यानबा पाटलांचा मुलगा. मी खुर्ची ओढून बसणार, तेवढ्यात सरांचं लक्ष माझ्या हातांकडं गेलं.

"हे काय?"

"हळद हाय, सर. लागवड चालू हाय आमच्याकडं."

"मग बटणांना हात लावू नको. पिवळी होतील. तू बाजूच्या स्टुलावर बस. तू सांग, सोमेश्वर टाइप करेल."

दार ओढून घे म्हणावं, तशा आवाजात ते हे बोलले. त्यात चिडण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नसावं. सर तसे दुष्ट नव्हते. नांदेडला शिकून आलेले, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट, खिशात पिवळं फडकं, आणि दिसेल त्या मशीनवरची धूळ पुसत फिरायची सवय. मशीनला ते इतके जपायचे की शिकवताना आमच्याकडं कमी आणि तिच्याकडं जास्त बघायचे.

सोमेश्वरचे हात मात्र स्वच्छ होते. असणारच. माझ्या बोटांना लागलेली हळद त्याच्याच वावरातली होती. ती मोडायला तो कधी बसला नव्हता आणि मी बसले होते, म्हणून खुर्ची त्याला आणि स्टूल मला. हा हिशेब मला स्टुलावर बसल्या बसल्या कळला आणि माझे कान तापले. पण पहिलाच दिवस होता. आईचं तंगडं मोडण्याचं बोलणं आठवलं आणि मी गिळून टाकलं.

मग ज्या गोष्टीसाठी गेले होते, ती समोर उघडली. व्हिज्युअल बेसिक. पडद्यावर एक कोरा फॉर्म यायचा, ठिपक्या ठिपक्यांचा. डाव्या हाताला सगळं सामान मांडलेलं: बटण, लिहायची चौकट, यादीची चौकट. माउसनं एकेक ओढून फॉर्मवर ठेवायचं. ठेवलेल्या बटणावर दोनदा क्लिक केलं की मागची बाजू उघडायची, आणि बटण दाबल्यावर काय घडावं ते तिथं लिहायचं. लिहायची जागा, चालवून बघायची जागा, चूक शोधायची जागा, सगळं एकाच खिडकीत. ओळ चुकली की ती लाल व्हायची. मला ते फार आवडलं. आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी तोंड न बघता चूक दाखवत होतं. पाटलाच्या पोराची ओळसुद्धा लालच व्हायची.

आमची पद्धत अशी ठरली. सर फळ्यावर काम देत. मी ते मनात जुळवत असे आणि ओळ ओळ सांगत असे. सोमेश्वर भराभर टाइप करायचा. त्याच्या घरी टाइपरायटर होता, त्यावर त्याची बोटं बसली होती. ओळ संपली की तो पडद्यावरून नजर न काढता म्हणायचा, "पुढं?"

मी पुढची ओळ सांगायचे. तो ती टाइप करायचा. "पुढं?"

ओळ लाल झाली की तो हात मांडीवर ठेवून थांबायचा. ती का लाल झाली हे बघायची त्याला गरज वाटत नसे. मी सांगेन आणि तो दुरुस्त करेल, यात त्याला काही खटकत नव्हतं. उलट तो चारचौघांत माझं कौतुक करायचा. "सरिता लई हुशार हाय. तिच्याबिगर माझं पान हलत न्हाई." हे तो मनापासून बोलायचा, आणि म्हणूनच ते जास्त लागायचं. शिवी दिली असती तर उलटी शिवी देता आली असती. कौतुकाला काय उत्तर देणार?

एक गोष्ट मात्र मला त्या स्टुलावरून सापडली. कोडमध्ये एखाद्या वस्तूचं नाव लिहून पुढं टिंब दिलं की त्याखाली लगेच एक छोटी यादी उघडायची. त्या वस्तूला काय काय करता येतं, ते सगळं त्या यादीत. बाणाच्या बटणानं खाली जाऊन हवं ते निवडायचं आणि टॅब दाबायचा, की शब्द आपोआप उमटायचा. सोमेश्वरला ती यादी नकोच असायची. तो भराभर टाइप करत तिच्यावरून पुढं जायचा आणि ती उघडायच्या आत मिटायची.

"जरा थांब की. वाचू दे मला," मी म्हणायचे.

"काहून? तुला तर सगळं येतंय."

"मला येतंय ते त्यातूनच येतंय, बाबा. थांब."

मग तो उपकार केल्यासारखा थांबायचा आणि मी ती यादी अधाशासारखी वाचून घ्यायचे. त्यात काय आहे, कितव्या नंबरला आहे, सगळं डोक्यात बसत गेलं. डोक्यात होतं, बोटांत काही नव्हतं.

पावसाळा लागला, लागवड संपली. पोळ्यापर्यंत माझे हात स्वच्छ झाले. मी मुद्दाम सरांसमोर दोन्ही तळवे उघडून उभी राहिले.

"सर, बघा. आता बसू का खुर्चीवर?"

सरांनी हातांकडं बघितलं, मग सोमेश्वरकडं बघितलं. "आता तुमची जोडी छान बसलीय. कशाला मोडायची? चाललंय ते चालू दे."

मी माझ्या हातांकडं बघत राहिले. म्हणजे हळद हे निमित्त होतं. हळद गेली आणि जागा तीच राहिली. गावात जे मी लहानपणापासून बघत आले होते, कुणी कुठं बसायचं, कुणी कशाला हात लावायचा, ते खताच्या दुकानाचा जिना चढून वर आलं होतं आणि कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. नाव घेतलं असतं तर सगळे म्हणाले असते, छे छे, आम्ही तसले नाही. त्या दिवशी मी बसमध्ये पूर्ण वेळ दात ओठ खात होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "दाढ दुखून राहिली का गं?"

खंडेनवमीला सरांनी मशिनींची पूजा केली. मशिनी बंद, सगळी पोरं चपला बाहेर काढून उभी, उदबत्ती, नारळ, पेढे. सरांनी हळदीच्या वाटीत बोट बुडवलं आणि एकेका मॉनिटरला टिळा लावला. मग एकेका कीबोर्डच्या लांब बटणावर, ज्याला स्पेसबार म्हणतात त्याच्यावर, हळदीचं बोट ओढलं. वरून कुंकू. ओल्या हळदीचा ठसठशीत पट्टा. सगळ्यांनी हात जोडले.

मी मागं उभी राहून बघत होते. हसावं की ओरडावं कळेना. तोंडात पेढा होता म्हणून गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सरांनी पिवळ्या फडक्यानं कुंकू पुसलं, हळदही पुसली, पण त्या पांढुरक्या बटणांवर पिवळट डाग राहून गेला. हळद आहे ती, जाईल कशी?

माघ संपता संपता पुन्हा हळदीचा हंगाम आला. काढणी, वेचणी, मग कढईत शिजवणं, मग वाळवणं. आईची टोळी पाटलांच्या वावरात उतरली आणि सकाळच्या वेळेला मीही. त्याच सुमारास सरांनी क्लासात सांगितलं की नांदेडच्या एका सॉफ्टवेअर कंपनीला प्रोग्रॅम लिहिणारं एक माणूस हवं आहे. कंपनीतल्या बाई येऊन आमची परीक्षा घेणार आणि या बॅचमधून एकालाच नेणार.

ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की भूक लागत नव्हती. नांदेडला टेबलापुढं बसून हेच काम करायचं, दिवसभर, आणि ते आपलं म्हणायचं. सगळ्या वर्गात माझ्यापेक्षा जास्त कुणाला येत नव्हतं हे सर जाणत होते, सोमेश्वर जाणत होता. पण परीक्षेत हात लागणार होते.

मी सरांना गाठलं. सोमेश्वर तिथंच होता.

"सर, परीक्षेपर्यंत मला रोज थोडा वेळ टायपिंगला बसू द्या."

"आधी हात बघ तुझे."

"ही हळद ह्याच्याच वावरातली हाय, सर. ह्याच्या वावरात मी हात पिवळे करायचे आन् मशीनवर ह्यानं बसायचं?"

सोमेश्वर हसला. त्याला ती गंमत वाटली. सरही हसले. "मग तर झालंच. त्याची हळद आणि त्याचंच मशीन खराब करतेस का? अगं, परीक्षेला तुमची जोडीच बसवू आपण. मी सांगतो बाईंना. तू सांग, तो टाइप करेल. काही तकलीफ नाही."

"आन् नांदेडला कोण जाईल? जोडी?"

सर फडक्यानं मॉनिटर पुसायला लागले.

घरी येऊन मी दगडावर हात घासले. लिंबू चोळलं, धुण्याचा साबण चोळला, राखेनं घासलं, कातडी सोलून निघायची वेळ आली. आईनं माझे हात धरले.

"मरायचंय का? उद्यापसून वावरात येऊ नको. परीक्षेपस्तोर घरी ऱ्हा."

"हाताचं न्हाई गं आई. पावसाळ्यात कुठं हळद व्हती? तवा तरी बसू दिलं का?"

आईला हे नवीन नव्हतं. तिला नवीन एवढंच होतं, की कॉम्प्युटरच्या खोलीतही ते होतं.

"मंग घासून राहिलीस काहून?" ती म्हणाली. "तशेच जा."

दुसऱ्या दिवशी मी वावरात गेले. त्यानंतरही जात राहिले.

परीक्षेला नांदेडहून ज्या बाई आल्या त्या मध्यमवयीन, चष्म्याच्या, फार न बोलणाऱ्या. सरांनी चहा मागवला. बाईंनी बाजूला ठेवला. "मला संध्याकाळची गाडी आहे. सुरू करू या. एका मशीनवर एकच."

सर पुढं झाले. "मॅडम, आमच्याकडं जोडीनं करायची पद्धत आहे. ही सांगते, तो टाइप करतो."

"मला जोडी न्यायची नाही," बाई म्हणाल्या. "एका मशीनवर एक."

परीक्षेला मोजकीच पोरं आली होती, म्हणून मशिनी पुरल्या. काम सोपं होतं. दवाखान्यात नंबर देणारा प्रोग्रॅम. नाव लिहून एक बटण दाबलं की नाव यादीत जाईल. दुसरं बटण दाबलं की यादीतलं पहिलं नाव मोठ्या अक्षरात दिसेल आणि यादीतून निघून जाईल. सोमेश्वर आमच्या नेहमीच्या मशीनवर बसला. मला शेजारचं मिळालं. मी खुर्चीवर बसले. खुर्ची फिरते हे मला तेव्हा कळलं.

तेवढ्यात सर घाईघाईनं आले आणि माझ्यापुढच्या कीबोर्डवर प्लास्टिकचं कव्हर पसरायला लागले.

"हे कशाला?" बाईंनी विचारलं.

"हळदीचे हात आहेत, मॅडम. बटणं पिवळी होतात." आणि पुरावा म्हणून त्यांनी त्याच कीबोर्डच्या स्पेसबारवर बोट ठेवलं. "हे बघा की. किती घासलं तरी निघत नाही."

वर्षभर गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं. पण बाहेर आलं ते फार कमी.

"सर, तो डाग खंडेनवमीचा हाय. तुमच्या बोटाचा. मी ह्या कीबोर्डला आजपस्तोर हात लावलेला न्हाई. ह्यालाच न्हाई, कोणत्यालाच."

मागं कुणाला तरी हसू फुटलं आणि खोकल्यात लपलं. सरांचं बोट अजून त्या डागावरच होतं आणि ते बरोबर त्यात बसत होतं. बाईंनी ते बघितलं. मग ओळीनं बाकीचे कीबोर्ड बघितले. प्रत्येकाच्या लांब बटणावर तसाच एक पट्टा.

"वर्षभरात हात लावला नाहीस?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाई, बाई."

"मग आज कशी करणार?"

"करते," मी म्हणाले आणि प्लास्टिक काढून टेबलाखाली टाकलं.

सोमेश्वरची बोटं शेजारी ताडताड चालायला लागली होती. मी आधी माउस धरला. नाव लिहायची चौकट ओढली, यादीची चौकट ओढली, दोन बटणं ठेवली. बटणावर दोनदा क्लिक केलं. मागची बाजू उघडली. आता अक्षरं.

एक अक्षर शोधायला मला इतका वेळ लागत होता की मलाच माझी चीड येत होती. वर्षभर रोज बघितलेली बटणं, आणि ती कुठं आहेत ते बोटांना माहीत नाही! उजव्या हाताच्या एका बोटानं मी यादीच्या चौकटीचं नाव लिहिलं आणि टिंब दिलं. यादी उघडली. यावेळी कुणी तिच्यावरून पुढं पळत नव्हतं. ती उघडीच राहिली, माझी वाट बघत. मला हवा तो शब्द कुठं आहे ते माहीत होतं. बाण दाबला, टॅब दाबला, शब्द उमटला. पुढचा शब्द, पुन्हा टिंब, पुन्हा यादी. मला थोडंच टाइप करावं लागत होतं. बाकीचं ती खिडकीच माझ्या हाती देत होती, कारण ती काय काय देते हे त्या खोलीत फक्त मी वाचलं होतं, तेही स्टुलावरून, दुसऱ्याच्या खांद्यावरून.

शेवटी एक ओळ राहिली होती. यादी रिकामी असताना कुणी दुसरं बटण दाबलं तर? तेवढं तपासायला हवं. मी ती ओळ जुळवत होते, आणि माझ्या लक्षात आलं की शेजारचा ताडताड आवाज थांबलाय.

सोमेश्वरचे हात मांडीवर होते. त्याच्या पडद्यावर एक ओळ लाल झालेली. तो तिच्याकडं बघत होता, वाट बघत होता. आणि पडद्यावरून नजर न काढता, नेहमीच्या आवाजात, साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं तो म्हणाला,

"पुढं?"

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. चेहरा भोळा, लहान लेकरू ताटावर बसून वाढायची वाट बघतं तसा. तो कॉपी मागत नव्हता. त्याला वाटत होतं, मी सांगायचं असतं आणि त्यानं लिहायचं असतं. वर्षभर तेच झालं होतं.

"कुणाला विचारताय?" बाई म्हणाल्या.

सर माझ्याजवळ वाकले. हळूच म्हणाले, "सरिता, तुझं तर होतच आलंय. त्याला तेवढी एक ओळ सांग ना. ग्यानबा पाटील मला काय म्हणतील?"

ती ओळ मला येत होती. शेजारूनही मला दिसत होतं की त्यानं कंस बंद केलेला नाही. दोन शब्द बोलायचे होते. मी बोलले नाही. मी माझ्या पडद्याकडं बघितलं, माझी शेवटची ओळ पुरी केली आणि चालवायचं बटण दाबलं.

प्रोग्रॅम चालू झाला. बाई माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी वाकून नाव वगैरे काही न लिहिता सरळ दुसरं बटण दाबलं, रिकाम्या यादीवर. पडद्यावर इंग्रजीत आलं: कुणी थांबलेलं नाही. त्यांनी आणखी दोनदा दाबलं, मग नावं लिहून बघितली, मग सरळ होऊन बाकीच्यांचे पडदे बघून आल्या.

"टायपिंग वाईट आहे," त्या म्हणाल्या. "ते शिकता येतं. पंधरा दिवसांनी ये नांदेडला." आणि सरांकडं वळून, "ही तुमच्याकडं कुठं बसायची?"

सरांनी स्टूल दाखवलं नाही. स्टूल तिथंच होतं.

सोमेश्वर जिन्यात भेटला. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता. "एक ओळ तर सांगायची व्हती की गं," तो म्हणाला. "आपली जोडी ना?"

"जोडी कसली रे? मी स्टुलावर व्हते, तू खुर्चीवर. जोडी एका उंचीवर असती."

त्याला ते कळलं की नाही, मला माहीत नाही. मला त्याची कीवही आली, पण तितकी नाही.

आठवड्यानं सरांनी बोलावणं धाडलं. नवीन बॅचसाठी पत्रक छापायचं होतं आणि त्यावर माझा फोटो हवा होता. खालच्या स्टुडिओतला फोटोवाला आधीच येऊन बसला होता. सरांनी स्वतःच्या हातानं माझ्यासाठी खुर्ची ओढली. पहिल्यांदा. मागं मशीन चालू करून ठेवलेलं, पडद्यावर माझाच प्रोग्रॅम.

"हसून बस," सर म्हणाले. "आमची पोरगी नांदेडच्या कंपनीत, अख्ख्या तालुक्यात नाव झालं पाहिजे." मग जरा पुढं वाकून, प्रेमानं, "आणि हात तेवढे मांडीवर घे. फोटोत पिवळे दिसतील."

मी दोन्ही हात उचलून कीबोर्डवर ठेवले. दहाही बोटं.

"हातासकट काढा, सर. न्हाई तर काढू नका."

फोटोवाल्यानं सरांकडं बघितलं. सरांनी मान डोलावली. फोटो निघाला. मी हसले नव्हते.

पत्रक छापून आलं ते मला कुरुंद्याच्या बस थांब्यावर मिळालं. गुलाबी कागद, वर क्लासचं नाव, खाली ठळक अक्षरात 'आमची यशस्वी विद्यार्थिनी' आणि त्याखाली माझा फोटो. फक्त चेहरा. गळ्याच्या खाली कापलेला. हात नाहीत, कीबोर्ड नाही, खुर्ची नाही. पासपोर्टला काढतात तसा.

मी ते घेऊन तडक वावरात गेले. आई कढईजवळ होती, शिजलेली हळद उपसत. तिनं पदराला हात पुसले, तेही नावापुरतेच, आणि कागद घेतला. लिहिलेलं तिला वाचता येत नव्हतं. फोटो तिनं नीट बघितला, कागद लांब धरून, जवळ धरून.

"तोंड तर तुझंच हाय," ती म्हणाली. "पन हात कुठायत?"

"कापले."

आईनं कागद मला परत दिला. तिच्या ओल्या हळदीच्या अंगठ्याचा ठसा त्यावर उमटला होता, फोटोच्या बरोबर खाली, जिथं माझे हात असायला हवे होते. तिनं तो बघितला आणि पुसायला गेली. मी पुसू दिला नाही.

नांदेडला जायच्या दिवशी मी वसमतला उतरले, जिना चढून क्लासात गेले. नवीन बॅच बसली होती. दोघा दोघांच्या जोड्या, बाजूला तीच स्टुलं, आणि एका स्टुलावर एक मुलगी ओळ सांगत होती. सर तिच्या जोडीदाराच्या मागं उभे होते. मी ते गुलाबी पत्रक सरांच्या हातात दिलं, आईच्या अंगठ्याचा पिवळा ठसा वर दिसेल असं धरून.

"आता हे छापा," मी म्हणाले.

मग स्टुलावरच्या त्या पोरीकडं वळून म्हणाले, "ऊठ. खुर्चीवर बस."

सर काहीतरी बोलायला लागले होते. ती पोरगी आधी त्यांच्याकडं बघत होती, मग माझ्या हातांकडं. मी दारात उभी राहिले. ती उठेपर्यंत मी हलणार नव्हते, मग नांदेडची गाडी गेली तरी चालेल.

गाडी गेली. मी दुसरीनं गेले.